नवा टॅब येणार म्हणे: नाव, अटकळी आणि स्क्रीनच्या रेखीवपणाचा हिशोब

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरील एका मोबाइलच्या दुकानात गेल्या महिन्यात मी भाचीसोबत तासभर उभा होतो. तिला बारावीच्या अभ्यासासाठी टॅब हवा होता, पैसे तिच्या आजीने दिले होते आणि निवडीची जबाबदारी माझ्याकडे आली होती. दोन टॅब काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून आमचे जवळपास ठरतच आले होते, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, थोडं थांबून पाहा ना. याचं नवीन मॉडेल येऊन राहिलं. नाव बी बदलणार अन् स्क्रीन बी लय शार्प राहणार म्हणे.’’ विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला थांबायला सांगावे याचे मला कौतुक वाटले, पण भाचीचा चेहरा पडला. ‘‘मामा, थांबू का मग?’’ तिने विचारले, आणि त्या दिवशी आम्ही काहीही न घेता परतलो.

दुकानात उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आले नाही, कारण दुकानदाराच्या त्या एका ‘म्हणे’मध्ये दोन अगदी वेगळ्या प्रतीच्या बातम्या एकत्र बांधलेल्या होत्या. एक नावाची आणि दुसरी स्क्रीनची. येणाऱ्या उपकरणांविषयी जेवढ्या अटकळी बांधल्या जातात, त्यांत या दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जातात आणि ऐकणाराही त्यांना एकाच तराजूत तोलतो. वास्तविक स्क्रीन ही टॅबमधील सर्वांत आधी ठरणाऱ्या गोष्टींपैकी एक असते आणि नाव सर्वांत शेवटी ठरले तरी चालण्यासारखे असते. हा फरक ध्यानात घेतला, तर कोणत्या अटकळीवर किती विसंबावे याचा अंदाज सामान्य ग्राहकालाही घेता येतो.

स्क्रीन तयार करणारी कंपनी बहुधा टॅब विकणाऱ्या कंपनीहून वेगळी असते. ॲपलला एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले या कंपन्यांनी स्क्रीन पुरवल्या आहेत. तिथे काचेच्या मोठमोठ्या तावांवर अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरांचे थर चढवतात, मग तो ताव हव्या त्या मापाने कापतात, आणि एकदा यंत्रे विशिष्ट मापाला लावली की ती सहजासहजी बदलता येत नाहीत. लाखो नग आधीच तयार करून ठेवावे लागतात, त्यामुळे कारखाना, वाहतूक, सुटे भाग जोडणारे अशा असंख्य लोकांच्या हातांतून ते जातात आणि त्यांपैकी कोणी ना कोणी बोलतो. नावाचे तसे नाही. ते मोजक्या माणसांना ठाऊक असते आणि खोक्यांवर छापले जाईपर्यंत बदलता येते. आपल्याकडे बारशाच्या आधी पाळणा, दुपटी, झबली हे सारे घरात येते आणि शेजारच्या बायकांना त्यावरून पुष्कळ काही कळते. नाव मात्र आत्या बाळाच्या कानात सांगेपर्यंत गुलदस्त्यातच असते. टॅबचेही साधारण असेच आहे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण २०१२ सालचे आहे. ॲपलचा पहिला आयपॅड २०१० साली आला, दुसरा २०११ साली आला आणि त्याचे नाव सरळ ‘आयपॅड २’ होते, त्यामुळे तिसरा ‘आयपॅड ३’ असणार हे बहुतेकांनी गृहीतच धरले होते. स्क्रीनवरील पिक्सेल फार वाढणार असल्याने नाव ‘आयपॅड एचडी’ असेल, असे सांगणारा एक पक्षही शेवटच्या काही दिवसांत जोरात होता. कार्यक्रमाच्या निमंत्रणावर टॅबच्या स्क्रीनला टेकलेल्या बोटाचे चित्र होते. लोकांनी ते चित्र मोठे करकरून त्यात पिक्सेलच्या कडा दिसतात का, हेसुद्धा शोधले. अखेर ७ मार्च २०१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो टॅब दाखवला गेला, तेव्हा नावाबाबत दोन्ही पक्ष तोंडघशी पडले, कारण त्याचे नाव नुसतेच ‘आयपॅड’ होते आणि जाहिरातींत त्याला ‘नवा आयपॅड’ म्हटले होते. स्क्रीनवर मात्र २०४८ × १५३६ पिक्सेल असतील ही जी चर्चा कितीतरी महिन्यांपासून चालू होती, ती आकड्यानिशी खरी निघाली.

हा आकडा इतक्या ठामपणे सांगितला जाण्यामागे कारखान्यातून फुटलेली बातमी एवढेच कारण नव्हते. त्यामागे साधे अंकगणितही होते, आणि तेच मला इथे सविस्तर मांडायचे आहे.

डिजिटल स्क्रीनवरील प्रत्येक चित्र आणि प्रत्येक अक्षर बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. स्क्रीनच्या आडव्या आणि उभ्या बाजूला किती पिक्सेल आहेत, ते सांगणारा आकडा म्हणजे रिझोल्यूशन. पण केवळ रिझोल्यूशनवरून स्क्रीन किती रेखीव दिसेल हे कळत नाही, कारण तेवढेच पिक्सेल लहान स्क्रीनवर दाटीवाटीने बसतील आणि मोठ्या स्क्रीनवर विरळ पसरतील. म्हणून एका इंचात किती पिक्सेल बसतात ते पाहावे लागते, आणि त्या मापाला पीपीआय म्हणतात. टॅबच्या खोक्यावर पीपीआय नेहमी छापलेला असतोच असे नाही, मात्र रिझोल्यूशन आणि स्क्रीनचे इंच ठाऊक असले की तो घरी काढता येतो.

टॅबचे इंच हे टीव्हीप्रमाणेच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात, म्हणजे तो आयताचा कर्ण असतो. शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय इथे थेट उपयोगी पडते. पहिल्या आयपॅडची स्क्रीन १०२४ × ७६८ पिक्सेलची होती. १०२४ म्हणजे ४ गुणिले २५६ आणि ७६८ म्हणजे ३ गुणिले २५६, तेव्हा ३, ४, ५ या पायथागोरसच्या त्रिकुटानुसार कर्ण ५ गुणिले २५६, म्हणजे १२८० पिक्सेल झाला. स्क्रीन ९.७ इंचांची होती. १२८० ला ९.७ ने भागले की १३२ येतात. दहावीच्या मुलाला तोंडी करता येईल असा हा हिशोब आहे, आणि कंपनीने दिलेला आकडाही हाच होता. २०१२ च्या आयपॅडमध्ये दोन्ही बाजूंचे पिक्सेल दुप्पट झाले आणि इंच तेवढेच राहिले, म्हणून पीपीआयही दुप्पट झाला, २६४. इतर टॅबची मापे त्रिकुटात बसत नाहीत, त्यामुळे वर्गमुळासाठी मोबाइलमधील कॅलक्युलेटर लागतो, इतकेच. ११ इंचांच्या आणि १९२० × १२०० पिक्सेलच्या सॅमसंग गॅलॅक्सी टॅब ए९ प्लसचे उत्तर २०६ येते, त्याच इंचांच्या पण २८८० × १८०० पिक्सेलच्या शाओमी पॅड ६ चे ३०९.

आता दुपटीचा प्रश्न. पिक्सेल वाढवायचेच तर दीडपट का नाहीत, अगदी दुप्पटच का? याचे कारण स्क्रीनमध्ये नसून ॲपमध्ये होते. तोवर आयपॅडसाठी तयार झालेली सगळी ॲप १०२४ × ७६८ अशा चौकटीत आखलेली होती; कोणते बटण कुठे, किती रुंद, हे त्या मोजणीत ठरलेले होते. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की जुन्या एका पिक्सेलच्या जागी बरोबर चार नवे पिक्सेल येतात आणि जुने ॲप न बिघडता, आहे तसे चालते. दीडपट केले असते, तर एका जुन्या पिक्सेलच्या वाट्याला सव्वादोन नवे पिक्सेल आले असते. सव्वादोन ठिपके रंगवता येत नाहीत, म्हणून शेजारच्या ठिपक्यांत रंग वाटून द्यावा लागला असता आणि कडा धुरकट झाल्या असत्या. ही अडचण ओळखणाऱ्यांनी कारखान्यातील कोणाचेही न ऐकता दुपटीचा अंदाज बांधला होता.

अशाच तर्काने छोट्या आयपॅडचे मापही आधी बांधले गेले होते. पहिल्या आयफोनची स्क्रीन १६३ पीपीआयची होती. त्याच दाटीचा काचेचा ताव मोठ्या तुकड्यांत कापला आणि त्यावर १०२४ × ७६८ पिक्सेल बसवले, तर कर्ण १२८० भागिले १६३, म्हणजे साधारण ७.८५ इंच येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेला आयपॅड मिनी ७.९ इंचांचा आणि १६३ पीपीआयचा निघाला. मला या सगळ्या प्रकारातील हा तर्क सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात फुटलेल्या बातमीचा आधार जेमतेम आणि भागाकाराचा आधार जास्त आहे.

पिक्सेल वाढले की अक्षरे लहान होतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझ्या आईलाही वाटली होती. जुन्या संगणकांवर तसे खरोखर होत असे. टॅबमध्ये अक्षराचा आकार सॉफ्टवेअर वेगळा ठरवते आणि पिक्सेल फक्त त्या आकाराची कड किती गुळगुळीत येईल ते ठरवतात. अक्षराची उंची तेवढीच राहते, ते रेखाटणारी पेन्सिल अधिक टोकदार होते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर त्यासाठी भिंग विकत घेण्याची गरज नाही. आमच्याकडे २०११ सालचा, १३२ पीपीआयचा जुना टॅब अजून चालू आहे. दुकानातून परतल्यावर संध्याकाळी मी त्यावर एक पांढरे पान उघडले, उदबत्तीच्या काडीच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब काचेवर ठेवला आणि भाचीला त्यातून पाहायला सांगितले. थेंब भिंगाचे काम करतो. पांढऱ्या पानाच्या जागी तिला लाल, हिरव्या आणि निळ्या उभ्या रेघांची जाळी दिसली, कारण प्रत्येक पिक्सेल या तीन रंगांच्या तीन तुकड्यांचा बनलेला असतो आणि तिन्ही सारखेच उजळले की डोळ्याला पांढरे दिसते. तोच थेंब माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवला, तर जाळी इतकी बारीक होती की रंगीत कणांपलीकडे काही कळेना. हिशोबाने पाहिले, तर १३२ पीपीआयच्या स्क्रीनवर एक पिक्सेल ०.१९ मिलिमीटर रुंद असतो आणि २६४ पीपीआयच्या स्क्रीनवर ०.०९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ जाडसर केसाएवढा.

मग किती पीपीआय पुरेसे? याचे उत्तर स्क्रीनमध्ये नाही, ते डोळ्यात आणि अंतरात आहे. चष्म्याचा नंबर काढताना ६/६ नजर म्हणतात, तिचा अर्थ असा की ६ मीटरवरील तक्त्यातील ज्या अक्षराची प्रत्येक रेघ डोळ्याशी एका मिनिटाचा कोन करते, ते अक्षर तुम्हाला वाचता येते. हे मिनिट घड्याळातले नव्हे, कोनाचे. एका अंशाचा ६० वा भाग. ६ मीटरवर ही रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड असते. वस्तू जवळ आणली की तेवढ्याच कोनात मावणारी जाडी कमी होत जाते, आणि दीड वीत अंतरावर, म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटरवर, ती ०.०९६ मिलिमीटर उरते. हा वरचाच २६४ पीपीआयचा आकडा आहे. म्हणजेच २६४ पीपीआयचा टॅब दीड वितीपेक्षा दूर धरला, तर ६/६ नजरेला त्यातील पिक्सेल सुटे दिसत नाहीत.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. ८७०० या आकड्याला पीपीआयने भागा. जे उत्तर येईल, तितक्या सेंटिमीटरपलीकडे ती स्क्रीन ६/६ नजरेला गुळगुळीत दिसेल. ३०९ पीपीआयला २८ सेंटिमीटर येतात, २०६ पीपीआयला ४२, म्हणजे हातभराला थोडे कमी, आणि १३२ पीपीआयला ६६, म्हणजे जवळजवळ दीड हात. आमच्या आईची पोथी याच जुन्या टॅबवर असते. ती तो लाकडी व्यासपीठावर ठेवते आणि स्वतः मांडी घालून मागे सरकून बसते, कारण वयामुळे जवळचे तिला दिसत नाही. मी टेप लावून मोजले, तर तिचे डोळे आणि स्क्रीन यांत ६० सेंटिमीटरांहून थोडे जास्तच अंतर भरले. तिला नवा टॅब घेऊन देण्याचा माझा विचार त्यानंतर बारगळला.

ॲपल आपल्या रेखीव स्क्रीनला ‘रेटिना’ म्हणते, तो शब्द याच हिशोबातून आला. रेटिना म्हणजे दृष्टिपटल. २०१० साली आयफोन ४ दाखवताना ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितले होते की १० ते १२ इंचांवर धरलेल्या वस्तूसाठी सुमारे ३०० पीपीआय ही डोळ्याची मर्यादा आहे. तो फोन ३२६ पीपीआयचा होता. दोन वर्षांनी आयपॅडला २६४ पीपीआय असूनही ‘रेटिना’ म्हटले, तेव्हा काहींनी नाके मुरडली. पण टॅब फोनपेक्षा दूर धरला जातो. १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर अंतर धरले, तर आपल्या ठोकताळ्याने २२९ पीपीआय पुरतात. अर्थात ६/६ ही काही माणसाच्या नजरेची कमाल मर्यादा नव्हे. तरुण, निरोगी डोळे त्याहून बारीक पाहू शकतात, आणि एखादी तिरपी रेघ पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे हे डोळ्याला त्याहूनही सूक्ष्म पातळीवर जाणवते. त्यामुळे हा आकडा उंबरठ्यासारखा धरावा, भिंतीसारखा नाही.

मराठी वाचणाऱ्यांसाठी मला इथे एक वेगळी भर घालावीशी वाटते. टॅबच्या रेखीवपणाची चर्चा बहुतेक वेळा रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून होते. आपल्या लिपीची मागणी अधिक आहे. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातील फरक मुख्यतः शिरोरेषेतील एका बारीक फटीवर आणि छोट्या गाठीवर उभा असतो. बातमीच्या मजकुराएवढी बारीक अक्षरे १३२ पीपीआयवर पाहिली, तर ती फट एखाद्या पिक्सेलची उरते आणि तीही करडी होऊन बुजते. ‘धन’ आहे की ‘घन’ आहे, हे मग वाक्याच्या अर्थावरून ठरवावे लागते. ‘सूक्ष्म’, ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’ यांसारखी जोडाक्षरे, त्यांच्या खाली लागणारे उकार आणि वरचे रफार व अनुस्वार यांना उभ्या दिशेने जास्त पिक्सेल लागतात. म्हणून देवनागरी मजकूर रोज तासन् तास वाचणाऱ्याने पीपीआयकडे थोडे अधिक काटेकोरपणे पाहावे, असे माझे मत आहे. मात्र वाचायची वस्तू जुन्या पुस्तकाचे स्कॅन केलेले पान असेल, तर ते पान स्कॅन करणाऱ्याने जितके रेखीव ठेवले तितकेच दिसणार. स्क्रीन कितीही महाग घेतली तरी त्यात जीव येत नाही.

रेखीवपणाची किंमतही मोजावी लागते आणि अटकळींमध्ये ती सहसा सांगितली जात नाही. २०१२ च्या आयपॅडमध्ये पिक्सेल चौपट झाले. आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट, म्हणून एकूण चौपट, ३१ लाखांहून अधिक. एलसीडी स्क्रीनमध्ये उजेड मागून येतो आणि प्रत्येक पिक्सेलच्या ट्रान्झिस्टरची व तारांची थोडी सावली त्या उजेडाला अडवते. पिक्सेल लहान आणि दाट झाले की अडवणूक वाढते, तेव्हा तेवढीच उजळ स्क्रीन हवी असेल तर मागचा दिवा जास्त जाळावा लागतो. शिवाय चौपट पिक्सेल रंगवायला चिपला जास्त काम पडते. परिणामी बॅटरी २५ वॅट-तासांवरून ४२.५ वॅट-तासांवर न्यावी लागली, जाडी ८.८ मिलिमीटरवरून ९.४ मिलिमीटर झाली आणि वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅम झाले. इतके करूनही पुढचा आयपॅड वर्षही पूर्ण न होता, त्याच ऑक्टोबरमध्ये, अधिक वेगवान चिप घेऊन आला. मार्चमध्ये रांग लावून घेतलेल्यांची त्या वेळी झालेली चिडचिड मला समजते.

गंमत अशी की त्यानंतर ही शर्यत थांबली. २०१३ चा आयपॅड एअर, २०१५ चा १२.९ इंचांचा प्रो, २०१८ चा ११ इंचांचा प्रो, २०२४ चा १३ इंचांचा प्रो, हे सगळे २६४ पीपीआयचेच आहेत. फक्त मिनी २०१३ पासून ३२६ पीपीआयवर आहे, आणि तोही बरोबर जुन्या १६३ ची दुप्पट. स्क्रीन मोठी होत गेली तसे पिक्सेल त्याच प्रमाणात वाढवले गेले. दीड वितीच्या अंतराला जे पुरते, त्यापुढे बॅटरी जाळण्यात कोणाला हशील दिसला नसावा.

म्हणून आजच्या अटकळीत ‘स्क्रीन अधिक शार्प होणार’ असे वाचले, तर शार्प म्हणजे नेमके काय, असे आधी विचारावे. २६४ पीपीआयच्या दोन स्क्रीन शेजारी ठेवल्या, तरी त्या सारख्या दिसतील असे नाही. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि आतली स्क्रीन यांच्यात किंचित पोकळी असते, त्यामुळे अक्षरे काचेच्या खाली खोल गेल्यासारखी वाटतात आणि पेनने लिहिताना टोक एकीकडे व रेघ जराशी दुसरीकडे दिसते. महागड्या मॉडेलमध्ये दोन्ही थर चिकटवलेले असतात. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागी तो पूर्ण विझतो, त्यामुळे अक्षराची कड पीपीआय न वाढताही उठून दिसते. प्रो मॉडेलमध्ये २०१७ पासून स्क्रीन एका सेकंदाला १२० वेळा ताजी होऊ शकते, त्यामुळे पान सरकवताना मजकूर फिसकटत नाही. तेजाचे माप निट्समध्ये देतात. साधा आयपॅड ५०० निट्सचा आहे, २०२४ चा प्रो १००० निट्सचा.

नागपूरकराने या शेवटच्या आकड्याकडे जरूर पाहावे. मे महिन्यात व्हरांड्यात बसून काही वाचायचे म्हटले, तर बाहेरचा उजेडच इतका असतो की २६४ काय आणि ३०९ काय, स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा दिसतो. त्यातून आयपॅड शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे कंपनीनेच लिहून ठेवले आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. टॅब तापला की चार्जिंग थांबते, स्क्रीन आपोआप मंद होते, आणि मग सगळा रेखीवपणा कूलरसमोर नेऊन ठेवल्याशिवाय परत येत नाही. या गोष्टीवर अटकळ बांधताना मी अजून कोणाला पाहिलेले नाही.

आता नावाकडे वळू. आयपॅडच्या नावांचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. आकडे आले, गेले, २०१३ साली ‘एअर’ आला, २०१५ साली ‘प्रो’ आला, २०१७ साली पुन्हा बिनआकड्याचा ‘आयपॅड’ आला आणि आता तर आतील चिपच्या नावाने ओळख देतात, जसे ‘आयपॅड एअर एम३’ किंवा ‘आयपॅड ए१६’. सॅमसंगकडे आकडे क्रमाने येतात असे वाटते, पण तिथेही २०२४ साली टॅब एस१० च्या मालिकेत फक्त प्लस आणि अल्ट्रा आले. नुसत्या ‘टॅब एस१०’ ची वाट पाहणारे वाट पाहतच राहिले. पुढच्या वर्षी एस११ आणि एस११ अल्ट्रा आले, तर त्या वेळी प्लस गायब होता. नावाच्या शिडीवरून पुढची पायरी ओळखू पाहणाऱ्याची अशी फसगत होते.

जुना टॅब घेणाऱ्यांना तर नावाचा गोंधळ थेट खिशाला लागतो. २०१२ सालचे मार्चचे आणि ऑक्टोबरचे आयपॅड समोरून हुबेहूब सारखे दिसतात. दोघांचीही स्क्रीन २६४ पीपीआयची, दोघेही ९.७ इंचांचे. पण पहिल्याला खाली रुंद चार्जिंगचे तोंड आहे, दुसऱ्याला अरुंद. पहिल्याचे सॉफ्टवेअर आयओएस ९ वर थांबले, दुसऱ्याचे १० वर. हा भेद पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेल्या मॉडेल नंबरात असतो. वायफायवाल्या मॉडेलसाठी पहिल्याचा ए१४१६ आणि दुसऱ्याचा ए१४५८. सॅमसंगचे असेच असते, उदाहरणार्थ वायफायवाला टॅब एस९ म्हणजे एसएम-एक्स७१०. भारतात टॅब विकण्याआधी भारतीय मानक ब्युरोकडे त्याची नोंदणी करावी लागते, आणि येणाऱ्या टॅबचा पहिला सुगावा बऱ्याचदा अशाच नोंदींमधून लागतो. अशा नोंदीवरून ‘काहीतरी येत आहे’ एवढे नक्की कळते. त्याचे बारसे झालेले नसते.

एखादी अटकळ ऐकली, तर मी आता पहिल्यांदा भागाकार करतो. कोणी म्हणाले की ८.३ इंचांच्या छोट्या टॅबला ३८४० × २१६० पिक्सेलची ४के स्क्रीन मिळणार, तर पीपीआय ५३० च्या घरात जातो आणि अंतर १६ सेंटिमीटर येते. नाकापासून एका वितीच्या आत धरून टॅब कोणी वाचत नाही, तेव्हा ती बातमी बाजूला ठेवावी. त्याच छोट्या आयपॅडला ओएलईडी स्क्रीन येणार, ही चर्चा बराच काळ चालू आहे. तिच्यात असा काही अडथळा नाही, कारण तिथे पिक्सेलची संख्या न वाढवताही दिसण्यात फरक पडतो आणि तशा स्क्रीन मोठ्या मॉडेलसाठी कारखान्यांत आधीच तयार होत आहेत. ती कधी येईल हा प्रश्न वेगळा, पण ती अशक्य कोटीतली नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही त्याच दुकानात परत गेलो. दुकानदाराने सांगितलेल्या नव्या मॉडेलचे ना इंच ठाऊक होते, ना पिक्सेल. होते ते फक्त नाव, आणि तेही दोन जणांनी दोन प्रकारे सांगितलेले. बारावीची परीक्षा त्यासाठी थांबणार नव्हती. भाचीने दोन्ही टॅबवर रसायनशास्त्राच्या पुस्तकाचे एकच पान उघडायला लावले, काउंटरवर कोपर टेकवून डोळ्यांपासूनचे अंतर वितीने मोजले, ‘घ’ आणि ‘ध’ शोधले आणि अभ्यासाच्या टेबलावर ती जशी बसते त्या अंतराला २०६ पीपीआय चालतील असे ठरवले. उरलेल्या पैशांत पेन आणि कव्हर बसले. घरी येताना व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागे बसल्या बसल्या तिने टॅब उलटा करून पाठीवरचा मजकूर वाचायला घेतला. ‘‘मामा, यावर कंपनी आहे, नंबर आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण नाव तर कुठेच लिहिलेलं नाही.’’